एकोणचाळीस गोळे आणि एक अर्ज

४ जानेवारी, रविवार

अनुरागनं आज घरात बारा बंदुका आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

मी एकतीस वर्षं परवाना शाखेत काढली. बंदुकांचे परवाने, दिवाळीतल्या फटाका दुकानांचे परवाने, खाणीतल्या सुरुंगाच्या दारूचे कागद, सारं माझ्या हाताखालून गेलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रोज चार ओळी लिहिल्याशिवाय हाताला चैन पडत नाही, म्हणून ही वही. अशा माणसाच्या पोह्यांच्या बशीशेजारी बारा बंदुका! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

"परवाना?" मी विचारलं.

"खेळणं आहे, बाबा. एअरसॉफ्ट म्हणते याले. हवेच्या जोरावर वाटाण्याएवढी प्लास्टिकची गोळी निघते. डोळ्याले चष्मा लावायचा, तोंडाले मुखवटा. दोन टीम बनवायच्या, आन् फिर मस्त खेलो."

हातात घेऊन पाहिली. नळीच्या तोंडाला नारिंगी रंग आहे, ते बरं आहे. पण लांबून पाहणाऱ्याला नारिंगी दिसेल की नुसती नळी दिसेल, हा प्रश्न उरतोच.

अनुराग एकोणतीस वर्षांचा आहे. इंदूरची चांगली नोकरी दिवाळीत सोडून आला. भागीदार कटंगीचा भोजराज, त्याचा कॉलेजातला मित्र. वारासिवनी रोडवर भोजराजच्या मामाची बंद पडलेली राईस मिल आहे, तिथं हे दोघं हा खेळ मांडणार. उद्घाटन पंचवीस तारखेला. चाललं तर अनुराग इथंच राहणार, नाही तर पुन्हा इंदूर. अनुरागची आई प्रेमलता म्हणाली, "तुम्हाले काय फरक पडते? तुम्ही तं त्याच्याशी दोन शब्दबी बोलत नाही." मला काहीच फरक पडत नाही. वरची खोली बंद राहिली की भिंतीला ओल धरते, एवढंच.

६ जानेवारी, मंगळवार

भोजराजच्या फोनमध्ये परदेशातल्या खेळाची चित्रं पाहिली. सगळे पलटणीसारखे ठिपक्यांचे कपडे घालून झाडीत लपलेले. मी तिथल्या तिथं बजावलं की हे चालणार नाही. आपल्या जिल्ह्यात तसले कपडे आणि हातात बंदूक अशा माणसाकडे लोक कसे पाहायचे, हे ह्या पोरांना काय ठाऊक? नक्षलींचे दिवस सरले, पण लोकांच्या मनातलं इतक्यात जात नाही. पिवळे आणि निळे सदरे घाला म्हटलं.

अनुराग "हौ बाबा" म्हणाला आणि तासाभरात पिवळ्या-निळ्या सदऱ्यांचा गठ्ठा घरी आला. इतक्या लवकर शिंप्यानं कसे शिवले कोण जाणे. पण आपला शब्द मुलगा ऐकतो, हे पाहून बरं वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार

मिल पाहून आलो. काम नीटनेटकं आहे, हे कबूल करायला हवं. तांदळाच्या जुन्या पोत्यांत रेती भरून आडोसे केलेत. प्रत्येक दारावर "चष्मा काढू नये" अशी पाटी आहे, अक्षर अनुरागचं. माझ्यासारखंच 'च' जरा मागे झुकतं. खेळणाऱ्यांची नोंदवही ठेवलीय, तिच्यात वय, रक्तगट आणि घरचा फोन असे रकाने आखलेत. रकाने मी सांगितलेले नव्हते.

मग भोजराजनं पिशवीतून एक गोळा काढला. लिंबाएवढा, वर मेणकागद.

"काका, हे आपलं स्पेशल आयटम. बाहेरून मागवलं तं लई दिवस लागते, म्हणून लांजीच्या घनश्यामकडून बनवून घेतलं. लग्नात आतषबाजी करते ना, तोच. फेकला का फुटते आन् पांढरी भुकटी उडते. ज्याच्या अंगावर भुकटी, तो आऊट."

"आत दारू आहे काय?"

"थोडीशीच. टिकलीएवढी."

त्यानं भिंतीवर मारून दाखवला. मिलभर आवाज घुमला, पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि पांढरा ढग उठला. भोजराज टाळ्या वाजवत होता. मला अनुरागचा चेहरा दिसला नाही, तो पाठमोरा उभा राहून भिंतीला पडलेला खळगा बोटानं चाचपत होता.

मिलचा राखणदार डोमाजी दारात उभा होता. साठी उलटलेला माणूस, एरवी बोलत नाही. तो म्हणाला, "साहेब, असाच गोळा लोकं रानडुकरासाठी कणकेत घालून ठेवते. माही गाय चरता चरता खाऊन गेलती. जबडा नाही राह्यला तिचा."

भोजराज म्हणाला, "डोमाजी, तो येगळा." डोमाजीनं मान हलवली आणि झाडू घेऊन भुकटी लोटायला लागला.

परतताना मी अनुरागला म्हटलं, हे बेकायदा आहे. तो म्हणाला, "बाबा, बघतो मी." ह्या 'बघतो मी'चा अर्थ मला पुरता ठाऊक आहे. दहावीपासून तो तेच म्हणत आलाय.

११ जानेवारी, रविवार

सकाळी चहाची पत्ती शोधताना कोठीघरात बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा दिसला. उघडला. आत गोळे. एकोणचाळीस. डबा गॅसच्या भरलेल्या सिलिंडरला टेकून ठेवलेला.

प्रेमलताला हाक मारली तर ती म्हणाली, "अनुरागनं माळ्यावर ठेवलता, मले मुरमुऱ्याचं पोतं ठेवायचं होतं म्हणून खाली काढला. काहून, काय आहे त्याच्यात?" मी सांगितलं. ती पाटावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

डबा मीच उचलला. कोठीघर ते अंगणाच्या टोकाचं जुनं न्हाणीघर, अठ्ठावीस पावलं. आयुष्यात इतक्या हळू मी कधी चाललो नसेन. ओल्या रेतीत डबा ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि खडूनं 'प्रवेश निषिद्ध' लिहिलं.

मग दुपारी जेवताना अनुरागवर मी ओरडलो. "घरात आणलेच काहून?"

"मिलवर रात्री कोणी नसते, बाबा. पोरंटोरं हात लावतील म्हणून आणले. मी घनश्यामले परत देतो म्हटलं तं तो म्हणते, तुम्हीच आणून द्या. आन् भोजराजनं पोस्टरवर 'धमाका' छापून टाकलं, साठ जणांनी नावं दिली. मले थोडा टाइम द्या."

"टाइम? तुले माहीत आहे हे जवळ ठेवल्यावर काय होते?"

"तुमच्याइतकं नाही माहीत. पण आहे माहीत."

तो वर निघून गेला. ताटावरून उठून गेला, तेही आवडती वांग्याची भाजी असताना.

१२ जानेवारी, सोमवार

कालपासून डोकं चालवतोय. गोळे ठेवले तर गुन्हा. मोटरसायकलवर घालून लांजीला परत नेले तर वाहतुकीचा गुन्हा, शिवाय रस्त्यात खड्डे. वैनगंगेत टाकले तर गुन्हाही आणि मासे धरणाऱ्या एखाद्याचा हातही जायचा. पोलिसांत कळवलं तर अनुराग आत. आणि एकदा कागदावर नाव चढलं की उतरत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पासपोर्ट, नोकरी, लग्न, जिथं जाईल तिथं ते नाव त्याच्या आधी पोचेल.

संध्याकाळी मार्ग सुचला. अर्ज!

ज्याचा अर्ज विचाराधीन आहे त्या माणसाला कुणी हात लावत नाही, असा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. परवाना संपलेले लोक 'अर्ज लंबित है' एवढ्या एका ओळीवर वर्षवर्ष निभावून नेत. तेव्हा रीतसर अर्ज करायचा, आवक क्रमांक घ्यायचा आणि निश्चिंत व्हायचं. अर्ज नामंजूर होईल, ते गोळे सरकारजमा करून घेतील, विषय संपेल.

मसुदा तीनदा केला, इथल्या सरकारी रिवाजाप्रमाणे हिंदीत. विषय असा घातला: 'विस्फोटक प्रक्षेप्य, नग ३९, खेल प्रयोजन हेतु आधिपत्य में रखने की अनुमति बाबत'. न्हाणीघराचा नकाशा जोडला, उत्तर दिशेच्या बाणासह. अर्जदार म्हणून माझं नाव टाकलं, कारण घर माझ्या नावावर आहे आणि नियमानं आधिपत्य म्हणजे ताबा घरमालकाचा असतो. 'उक्त सामग्री मैंने स्वयं प्राप्त की है, मेरे पुत्र को इसकी कोई जानकारी नहीं है' हे वाक्य घालावं लागलं, नाहीतर मसुद्यात घोळ होतो. ह्यात दुसरं काही नाही.

सही करून कार्बन प्रत वेगळी काढून ठेवली.

१३ जानेवारी, मंगळवार

अर्ज घेऊन जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या जागेवर आता मयुरी बसते. मीच तिला काम शिकवलेलं, हुशार पोरगी. तिनं अर्ज उभ्यानं वाचायला घेतला आणि मधेच खाली बसली. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काका, हे तुम्ही स्वतः लिहिलं?"

"मग काय भाड्यानं लिहून घेतलं? आवक नंबर टाक."

तिनं पानं उलटीपालटी केली आणि म्हणाली, "काका, आधार कार्डाची प्रत नाही जोडली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जोडपत्र अपुरं म्हणून मी हजारो लोकांना दारातून परत पाठवलंय, आणि आज माझ्यावर तीच पाळी! ती म्हणाली, "राहू द्या, अर्ज माह्याजवळ राहू द्या. परवा प्रत आणा, मंग नंबर टाकते. उद्या संक्रांत आहे." नियमानं तिचं बरोबर होतं. मान खाली घालून परत आलो.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

मयुरी हळदीकुंकवाला आली होती. ह्याआधी कधी आली नव्हती. तिळगूळ देऊन झाल्यावर ती आणि प्रेमलता स्वयंपाकघरात पाऊण तास बसल्या. मग अनुरागलाही आत बोलावलं. मी गेलो तसे तिघं गप्प झाले. प्रेमलताचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. संक्रांतीला गुळपोळी असते, कांदा कशाला लागतो?

माझ्या लक्षात सगळं आलं. पोरीचं आणि अनुरागचं जमलंय, आणि मला कसं सांगायचं हे ठरत नाहीये. मी काही इतका जुना माणूस नाही. पोरगी मेहनती आहे, फाइल नीट ठेवते. मी हरकत घेणार नाही. पण ही वेळ आहे का असल्या गोष्टींची? मी इथं गोळ्यांच्या काळजीनं अर्धा झालोय आणि ह्यांचं भलतंच चाललंय.

अनुरागनं जाताना माझ्या पाया पडून तिळगूळ घेतला. चार वर्षांनी पडला.

१५ जानेवारी, गुरुवार

आधारची प्रत देऊन आलो. मयुरीनं ठेवून घेतली, साहेब दौऱ्यावर आहेत म्हणाली. मग चहा मागवला. "काका, तुमच्या वेळचे किस्से सांगा ना," म्हणाली. मी एकदा फटाक्याच्या दुकानदाराला ऐन धनत्रयोदशीला कसं परत पाठवलं ते सांगितलं. आणखी चहा आला. मी उठायला लागलो की ती आणखी काहीतरी विचारायची. असं करत दीड तास गेला. निवृत्तीनंतर माझं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

घरी आलो तर कुलूप. प्रेमलता आणि अनुराग तीन वाजता परतले. तो इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, ती बाहेर जायच्या साडीत. कुठं गेला होता विचारलं तर म्हणाली, देवीच्या दर्शनाला. कपाळाला कुंकू नव्हतं, हातात प्रसाद नव्हता. पोरीच्या घरी बोलणी करायला गेले असणार. मला न घेता! वाईट वाटलं, ते इथं लिहून ठेवतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज ते आले.

सकाळी साडेदहाला दोन गाड्या. एक इन्स्पेक्टर, बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाचे चौघं आणि एक कुत्रा. मी तयार होतो. स्वेटर, औषधाच्या गोळ्या, टॉवेल अशी पिशवी मी मंगळवारीच भरून ठेवली होती. ती घेऊन पुढं झालो आणि म्हटलं, "साहब, अर्जदार मैं हूँ."

इन्स्पेक्टरनं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकलजी, आप आराम से बैठिए. आपको कुछ नहीं करना है." मी अर्जाची कार्बन प्रत पुढं केली, तर अनुरागनं ती मधल्या मधे काढून घेतली. "बाबा, आता नका दाखवू," म्हणाला आणि खिशात घातली.

पथक सरळ अंगणाच्या टोकाला गेलं. न्हाणीघर कुठं आहे, हे त्यांना विचारावंही लागलं नाही. माझा नकाशा इतका स्पष्ट होता तर! डबा त्यांनी रेतीच्या पेटीत ठेवला आणि अनुरागला बरोबर घेतलं. गाडीत बसताना इन्स्पेक्टर "अच्छा किया" म्हणाला. तो अनुरागकडे बघून म्हणाला, पण मला उद्देशून असावं.

मीही मागच्या गाडीत चढलो. मला कुणी अडवलं नाही.

पोलिसांच्या मैदानाच्या टोकाला खड्डा केलेला होता. भोजराजलाही बोलावलं होतं. एकेक गोळा लांबून दोरीनं पाडायचा, असं चाललं. पहिले पाच-सहा नुसते फुस्स झाले, पांढरी भुकटी उडाली. भोजराज हळूच म्हणाला, "पाहा काका, काहीच होत नाही."

तेवढ्यात अनुराग इन्स्पेक्टरला म्हणाला, "सर, हमारा चष्मा लगाकर एक बार देख सकते हैं क्या?" त्यानं घरून एक कोहळं आणि खेळातला चष्मा आणला होता. कधी घेतला, मला कळलंही नव्हतं. पथकाच्या हवालदारानं कोहळ्याला चष्मा बांधला, खड्ड्यात ठेवला.

दोन गोळ्यांनी चष्मा नुसता पांढरा झाला. तिसऱ्यानं जो आवाज झाला, त्यानं कुत्रासुद्धा मागं सरला. पुढं जाऊन पाहिलं तर चष्म्याची काच तीन जागी फुटून कोहळ्यात रुतली होती, बोटभर आत. तो गोळा बाकीच्यांसारखाच दिसत होता. तोच मेणकागद, तेच वजन. हवालदार म्हणाला, हातानं भरलेला माल असाच असतो, कशात चिमूट आणि कशात मूठ.

एकोणचाळीसपैकी तीन तसे निघाले. कुठले तीन, हे फुटेपर्यंत कुणालाच सांगता आलं नसतं.

भोजराज मटकन खाली बसला. "पहिल्या टीममधी श्रुतिकाचं नाव आहे," म्हणाला. श्रुतिका त्याची धाकटी बहीण. "मीच लिहिलं नाव. मीच म्हटलं का काही होत नाही." तो लहान पोरासारखा रडायला लागला. अनुराग त्याच्या शेजारी मातीत बसून राहिला.

मी देवाचे आभार मानले. मोठ्यानं मानले, लाज वाटली नाही. गोळे गेले. सगळे गेले. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो असा, हे आज कळलं. मधुमेह विसरून घरी दोन गुळपोळ्या खाल्ल्या. संक्रांतीच्या उरलेल्या होत्या, तुपात परतून.

२१ जानेवारी, बुधवार

आज ठाण्यातून निरोप आला. स्वतःहून कळवलं, काही लपवलं नाही, कुणाला इजा झाली नाही. म्हणून जबाब घेऊन, लेखी समज देऊन प्रकरण मिटवलं. घनश्यामची चौकशी लागलीय. त्याला आतषबाजी उडवायची परवानगी होती, बनवायची नव्हती. त्यानंही बाकीचा माल आणून दिला म्हणे. प्लास्टिकच्या गोळीचा खेळ खेळता येईल, पण दर वेळी ठाण्याला आधी कळवायचं, बंदुका मिलच्या बाहेर उघड्या न्यायच्या नाहीत आणि फुटणारं, जळणारं, धूर करणारं काही ठेवायचं नाही. तसं हमीपत्र दोघांनी लिहून दिलं. भोजराजनं पोस्टरवर 'धमाका'च्या जागी कागद चिकटवला.

अर्ज म्हणजे काय चीज असते, हे आता तरी अनुरागला कळलं असेल. मी बोलून दाखवलं नाही. मोठेपणा मिरवू नये.

२२ जानेवारी, गुरुवार

मयुरीचे आभार मानावेत आणि अर्ज निकाली निघाल्याची नोंद घ्यावी, म्हणून ऑफिसात गेलो. तिनं ड्रॉवर उघडला आणि माझा अर्ज काढून माझ्या हातात दिला. जसाच्या तसा. आवक क्रमांकाची जागा कोरी.

"काका, रागावू नका. मी नंबर टाकलाच नाही. तुम्ही तं हात दाखवून अवलक्षण करून राह्यलते. तुमची पेन्शन, तुमचं नाव, सगळं गेलं असतं. मी काकूले आन् अनुरागदादाले वाचून दाखवला. दादा दुसऱ्याच दिवशी ठाण्यात गेला, काकू संग होत्या. तुम्ही मधात येऊ नये म्हणून मी तुम्हाले इथं बसवून ठेवलं."

"म्हणजे तो चहा..."

"हौ. पण किस्से खरंच चांगले होते, काका."

मी घरी कसा आलो, आठवत नाही. प्रेमलतानं काही न विचारता कपाटातून एक कागद काढून दिला. अनुरागच्या जबाबाची प्रत. तारीख पंधरा जानेवारी. गोळे कुणी मागवले, कुणाकडून आणले, कुठं ठेवले, सगळं सविस्तर आणि खरं. भोजराजनं मागवलेल्या गोळ्यांची जबाबदारीसुद्धा ह्यानं स्वतःवर घेतलीय. आणि खाली: 'मेरे पिताजी सेवानिवृत्त शासकीय कर्मचारी हैं. उन्हें इस सामग्री के विषय में कोई जानकारी नहीं थी. समस्त जिम्मेदारी मेरी है.'

"आत जावं लागलं असतं तर?" मी विचारलं.

"मीबी तेच म्हटलं त्याले," प्रेमलता म्हणाली. "तो म्हणे, बाबांनी पिशवी भरून ठेवली आहे, आई. ते जातील त्याच्याआधी मले जाऊ दे."

मी रडलो. प्रेमलतासमोर, दिवसाढवळ्या, खुर्चीत बसून. आठ तारखेला तो भिंतीतला खळगा चाचपत होता, तेव्हाच ह्याला सगळं कळलं होतं. आणि मी समजत होतो की घरात कायदा फक्त मला कळतो. लग्नाबिग्नाचं काही नाही, हेही ओघानं कळलं. मी मनात काय काय ठरवून बसलो होतो, ते प्रेमलताला सांगितलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

उद्घाटन झालं. साठ जणांनी नावं दिली होती, अठ्ठेचाळीस आले. धमाका नाही म्हणून बारा जण रुसले, त्यांना रुसू दे. मी दारात उभा राहून प्रत्येकाच्या चष्म्याचा पट्टा ओढून पाहिला. ठाण्याचा एक शिपाई पाहणीला आला, त्यालाही चष्म्याशिवाय आत सोडला नाही. अनुराग लांबून हसत होता. श्रुतिकाची टीम जिंकली आणि तिनं भोजराजला मिलभर पळवलं. दिवसभरात एकाचं कोपर खरचटलं. डोळे शहाण्णवच्या शहाण्णव शाबूत. मी खरंच मोजले.

ऊन उतरायच्या आत आम्ही दोघं मोटरसायकलवर घरी निघालो. मी मागं बसलो होतो. गेले तीन दिवस त्या कागदाबद्दल मी अनुरागशी एक शब्द बोललो नव्हतो आणि तोही बोलला नव्हता. समोरासमोर बसून आम्हाला जमलंही नसतं. त्याच्या पाठीकडे बघत बोलणं सोपं गेलं.

"तुझा जबाब वाचला," मी म्हटलं. "त्यात एक ओळ चूक आहे. मले सगळं माहीत होतं."

त्यानं गाडीचा वेग कमी केला.

"तुमच्या अर्जातबी तीच ओळ चूक आहे, बाबा."

एक ट्रक गेला, धान लादलेला. मी विचारलं, "मग? दुरुस्ती करायची?"

"नको, बाबा. राहू द्या."

एकतीस वर्षांत चुकीची एक ओळही मी पुढं जाऊ दिली नाही. घरी आल्यावर दोन्ही कागद एका फाइलीत लावले, वर त्याचा, खाली माझा, आणि राहू दिलं.